पोटरीतला गोळा, पायांची तळमळ आणि खाजकुइलीची पूड

रात्री पाय झोपू देत नाहीत, काहीतरी घरगुती किंवा आयुर्वेदिक सांगा, असं कुणी विचारलं की उत्तरं धडाधड येतात. तिळाचं तेल चोळा. रोज केळं खा. मॅग्नेशियम सुरू करा. तगर घ्या, अश्वगंधा घ्या, खाजकुइलीची पूड दुधातून घ्या. सांगणाऱ्यांच्या मनात खोट नसते. पण पायाला नेमकं होतंय काय, हे एकही जण उलटून विचारत नाही. पायात गोळा येणं वेगळं आणि डॉक्टर ज्याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात ते वेगळं. एकाचा संबंध स्नायू आणि त्याच्या नसेशी, दुसऱ्याचा मेंदूशी. दोघांना एकच पुडी बांधून देणं चूक आहे, आणि त्यातल्या एका पुडीत तर चांगलं जोरकस औषध असतं.

गोळा सगळ्यांच्या ओळखीचा आहे, म्हणून थोडक्यात. झोपेत पोटरीचा स्नायू आपसूक आवळतो, कळ मस्तकात जाते, पाऊल आपल्याकडे ओढून धरलं की काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत तो सुटतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे ठणका राहतो. वय वाढलं की गोळे वाढतात. गरोदरपणात येतात, डायलिसिसवर असलेल्यांना येतात, रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही येतात. झोपण्याआधी पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम हा मला त्यावरचा सगळ्यात पटणारा उपाय वाटतो. मॅग्नेशियमचं मात्र उगाच स्तोम माजलंय. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासते. तिच्या २०२० च्या आढाव्यात, उतारवयातल्या लोकांचे गोळे टाळायला त्याचा म्हणावा असा उपयोग होण्याची शक्यता कमीच, असा निष्कर्ष निघाला आहे.

आता दुसरा त्रास, म्हणजे रेस्टलेस लेग्ज. इथे त्याला पायांची तळमळ म्हणू. इंग्लंडच्या थॉमस विलिसने १६७२ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉमने १९४५ मध्ये तो आजार म्हणून नीट मांडला. आपल्याकडे रुग्ण त्याला काहीही म्हणतात: पाय शिवशिवतात, आतून वळवळतं, हाडांत सळसळ होते, मुंग्या चालतात, किंवा नुसतंच ‘कसंतरी होतं’. सगळ्यांत समान एकच गोष्ट असते. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही.

घोटाळा नेमका इथे होतो. दोन्ही त्रासांत माणूस अंथरुणातून उठतो आणि उठल्यावर दोन्हींत बरं वाटतं. ‘उठून चार पावलं टाकली की थांबतं’ हे वाक्य गोळेवालाही बोलतो आणि तळमळवालाही. म्हणून ‘हालचालीने आराम पडतो का?’ एवढ्याच प्रश्नावर जो निर्णय देतो, तो हमखास फसतो. प्रश्न एक पाऊल पुढे न्यायला हवा: परत आडवं झाल्यावर काय होतं?

गोळा सुटला की सुटला. पोटरी दुखत राहील, पण माणूस पाठ टेकून झोपी जातो. त्याच रात्री दुसरा गोळा आला तरी तो नवा गोळा असतो. तळमळीचं तसं नाही. चालत असाल तोवरच आराम. पलंगावर टेकलात की काही मिनिटांत तीच वळवळ पुन्हा, मग पुन्हा उठा, स्वयंपाकघरापर्यंत जा, पाणी प्या, या, झोपा, आणि परत तेच. हालचाल गोळ्याला संपवते. तळमळीला ती फक्त थोपवून धरते, तीही हालचाल चालू असेपर्यंत.

दुसरी खूण म्हणजे आधी काय येतं. गोळ्यात आधी वेदना, मग उठणं. तळमळीत आधी हलवायची अनावर ऊर्मी. वेदना असेलच असं नाही, बऱ्याच जणांना अजिबात नसते. त्या क्षणी पोटरी चाचपून पाहा. गोळा असेल तर हाताला कडक गाठ लागते, कधी ती डोळ्यांनाही दिसते. तळमळीत पोटरी मऊच असते.

माझी आजी रात्रीची जेवणं आटोपली की आम्हा नातवंडांना पायांवर उभं राहून पाय तुडवायला लावायची. जुन्या लुगड्याची पट्टी गुडघ्याखाली करकचून बांधून निजायची. घरात सगळे म्हणायचे, आजीला गोळे येतात. पण तिच्या पोटऱ्या आमच्या तळपायांखाली मऊ लागायच्या. आम्ही खाली उतरलो की लगेच तिची पावलं चादरीवर घासायला लागायची आणि ‘अजून थोडं तुडवा रे’ सुरू व्हायचं. पहाटे मात्र गाढ झोपायची. हे गोळ्याचं चित्रच नव्हे.

पहाटेचा उल्लेख मुद्दाम केला. तळमळीला घड्याळ कळतं. ती संध्याकाळी डोकं वर काढते, रात्री कळसाला जाते आणि पहाटेपासून सकाळपर्यंत शांत होते. शिवाय ती यायला झोप यावी लागत नाही, नुसतं स्वस्थ बसणं पुरतं. रातराणीच्या एसटीत, नाट्यगृहाच्या खुर्चीत, लांबच्या विमानप्रवासात माणूस टक्क जागा असतो आणि पाय स्थिर ठेवता येत नाहीत. गोळा असा बसल्या जागी हळूहळू चढत नाही. पाय हलवत बसायची नुसती सवय वेगळी, तिला मी या यादीत धरतच नाही. सवयीचा पाय कुणी टोकल्यावर थांबतो, आणि थांबवल्याने जिवाची घालमेल होत नाही.

पाय जड होणं, मधुमेहात तळपायांची आग होणं, वगैरे फरक डॉक्टर बघतील.

तळमळ आहे असं दिसलं तर झाडपाल्याच्या आधी रक्त तपासा, यावर मी ठाम आहे. या आजारात मेंदूला लोह कमी पडतं आणि त्याचा परिणाम डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या कारभारावर होतो. ‘हिमोग्लोबिन तेरा आहे, लोहाचा प्रश्नच नाही’ हे ऐकून कान किटले. हिमोग्लोबिन चांगलं असतानाही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. साठा कळतो फेरिटिन या रक्ततपासणीवरून. इथे रिपोर्टवर छापलेला ‘नॉर्मल’ कामाचा नाही. २० फेरिटिन अनेक प्रयोगशाळांच्या चौकटीत बसतं, पण रेस्टलेस लेग्जच्या प्रौढ रुग्णांत ७५ किंवा त्याहून कमी असेल तर लोह देण्याचा विचार करावा, असं तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलंय, तेही बघतात, कारण शरीरात कुठे सूज किंवा संसर्ग असला की फेरिटिन खोटंच वर जातं. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायका, गरोदर स्त्रिया, वरचेवर रक्तदान करणारे, यांनी तर हे आधी करावं. पण तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. थॅलेसेमियासारख्या आजारात लोह आधीच साठलेलं असू शकतं.

जोडीला चालू औषधांची यादी काढा. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, नैराश्यावरची काही औषधं ही तळमळ वाढवतात. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना झोपेसाठी दुकानात सहज मिळणारं डायफेनहायड्रामाइन त्यांतलंच. झोप यावी म्हणून घ्यायचं आणि पाय आणखी खवळायचे.

आता झाडपाला. तगर, म्हणजे हिमालयात होणाऱ्या वनस्पतीची मुळं, युरोपात झोपेसाठी घेतात त्या व्हॅलेरियनची सख्खी नातलग. (अंगणातल्या पांढऱ्या फुलांच्या तगरीचा हिच्याशी काही संबंध नाही. तिची मुळं उकळून पिऊ नका.) व्हॅलेरियन रेस्टलेस लेग्जवर तपासून झालंय. २००९ च्या छोट्या अभ्यासात रोज ८०० मिलिग्रॅम, आठ आठवडे दिलं. बरं वाटलं, पण औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांनाही जवळपास तेवढंच वाटलं. अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या अकादमीने २०२५ च्या मार्गदर्शनात व्हॅलेरियन वापरू नका असंच सुचवलंय. त्यातून थोडी गुंगी येईलही, पण पायांची ऊर्मी जाईल असा आधार नाही.

खाजकुइलीचं प्रकरण वेगळं आहे, आणि माझा खरा राग तिच्या नावाने चाललेल्या बेफिकिरीवर आहे. कोकणात किंवा घाटावर वाढलेल्या कुणालाही ही वेल सांगावी लागत नाही. शेंगांवरची तपकिरी मखमली लव अंगाला लागली की काय होतं ते सगळे जाणतात. औषधात जातं ते आतलं बी, काष्ठौषधीच्या दुकानातलं कवचबीज किंवा कौंच बी. या बियांत लेव्होडोपा असतं, ज्याचं शरीरात डोपामिन बनतं. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये ते या बियांमधून वेगळं काढून दाखवलं. पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णांना गोळीतून जे लेव्होडोपा देतात, तोच हा रेणू. बियांत त्याचं प्रमाण काही टक्के भरतं, आणि प्रत्येक मालागणिक बदलतं.

म्हणून ‘मला केमिकलची गोळी नको, झाडपाला बरा’ हे म्हणणं इथे टिकत नाही. पूड घेणारा लेव्होडोपाच घेतो, फक्त किती घेतो ते त्याला कळत नाही. गोळीत सोबत कार्बिडोपा असतं, त्यामुळे मळमळ आणि रक्तदाब उतरणं आटोक्यात राहतं. पुडीत ते नसतं. मानसिक आजारांवरच्या काही औषधांशीही तिचं जमत नाही. गोळे येणाऱ्याला ही पूड देण्यात मला काडीचाही अर्थ दिसत नाही.

तळमळीवर मात्र ती काम करू शकते, आणि धोका तिथेच आहे. डोपामिन मिळालं की पाय पहिल्या काही रात्रींत शांत होतात. माणूस हरखतो, दहा जणांना सांगतो. मात्र लेव्होडोपा रोज घेत राहिलं तर कालांतराने अनेकांचा आजारच उग्र होतो. डॉक्टर याला ऑगमेंटेशन म्हणतात. अ‍ॅलन आणि अर्ली यांनी १९९६ मध्ये लेव्होडोपा-कार्बिडोपा घेणाऱ्या रेस्टलेस लेग्जच्या रुग्णांत हे पाहिलं तेव्हा ८२ टक्क्यांत ते आढळलं. ते आकडे गोळीचे आहेत, पण रेणू तोच असताना पुडीला सूट का द्यायची, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही. २०२५ च्या त्याच मार्गदर्शनात लेव्होडोपाचा सरसकट वापर टाळा असं सुचवलंय, आणि गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन ही औषधं व गरजेप्रमाणे शिरेतून लोह यांना पसंती दिली आहे. त्या औषधांनीही चक्कर आणि झापड येते, म्हाताऱ्या माणसांना जपून द्यावी लागतात. ती डॉक्टरांनीच लिहून द्यायची.

ऑगमेंटेशन ओळखायचं कसं? पूर्वी रात्री दहाला सुरू होणारी वळवळ सातला सुरू होते, मग चारला. बसल्या बसल्या लगेच चढते. हातांतही जाणवू लागते. पुडीचा असर लवकर ओसरतो. घरचे म्हणतात, आजार वाढला, आता दोन चमचे घ्या. दोन चमच्यांनी काही दिवस बरे जातात आणि वेळ आणखी अलीकडे सरकते.

आधीपासून पूड घेत असाल आणि असं होत असेल तर मात्रा वाढवू नका, आणि आपल्या मनाने एकदम बंदही करू नका. एकाएकी बंद केल्यावर पुढच्या रात्री फार वाईट जाऊ शकतात. मेंदूविकारतज्ज्ञांकडे किंवा झोपेच्या तज्ज्ञांकडे जा. जाण्याआधी आठ-दहा दिवस एवढंच टिपून ठेवा: पाय पहिल्यांदा किती वाजता सुरू झाले आणि पूड किती वाजता घेतली. पुडीचं पाकीट सोबत न्या. ‘आयुर्वेदिक आहे, त्यात काय सांगायचं’ म्हणून ते घरी ठेवू नका, कारण डॉक्टरांना सगळ्यात आधी त्यावरच बोलायचं असेल.