पिएत्रासान्ता : संगमरवरी गावाची पार्श्वभूमी

इटलीत पिसाहून ला स्पेझियाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पिएत्रासान्ताचे स्थानक लागते. तिथून जुन्या गावाची वेस चालत काही मिनिटांवर आहे. १२५५ मध्ये लुक्काच्या मिलानी नगरप्रमुखाने टेकडीवरच्या जुन्या गढीखाली हे गाव आखून वसवले आणि त्याचेच आडनाव गावाला लागले. समांतर गल्ल्या आणि मधला मोठा चौक ही मांडणी तेव्हाचीच. चौकात सान मार्तिनोचे चर्च आहे. शेजारचा घंटामनोरा उघड्या विटांचा दिसतो, कारण त्याला दगडी साज चढवायचा राहून गेला. पुढे गाव लुक्का, जेनोवा आणि फ्लॉरेन्स यांच्यात हातोहात फिरले. १५१३ मध्ये पोपने लवाद म्हणून निवाडा दिला आणि ते फ्लॉरेन्सच्या पदरात पडले. पोप स्वतः फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातला होता, हे लक्षात ठेवलेले बरे.

कारण मायकेलँजेलोने संगमरवर कारारातून न आणता पिएत्रासान्ताजवळच्या डोंगरातून काढावा, हा १५१८ चा वादग्रस्त निर्णय याच निवाड्यातून निघाला. फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो चर्चची दर्शनी बाजू बांधण्याचे काम मायकेलँजेलोकडे होते. कारारा या संगमरवराच्या जुन्या गावातल्या खाणवाल्यांशी त्याचे व्यवहार आधीच सुरू होते. पण कारारा दुसऱ्या सरदाराच्या मुलखात होते, तर पिएत्रासान्ताजवळच्या सेरावेझ्झाच्या लोकांनी १५१५ मध्ये आपले संगमरवरी डोंगर फ्लॉरेन्सला देऊन टाकले होते. घरचा दगड असताना बाहेर पैसे कशाला, असा पोपच्या गोटातला हिशेब. मायकेलँजेलो का-कू करू लागला, तेव्हा कारारावाल्यांशी त्याचे लागेबांधे असल्याचा संशय पोपच्या गोटातून आलेल्या पत्रात व्यक्त झाला.

हिशेबात एकच गोष्ट धरली नव्हती : खाणीपासून समुद्रापर्यंत रस्ताच नव्हता. वर कातळ फोडायचा आणि खाली दलदलीत भराव घालायचा, ही कामे शिल्पकाराच्या गळ्यात पडली. फ्लॉरेन्सकडून आणलेल्या पाथरवटांना संगमरवराची सवय नव्हती. दुखावलेल्या कारारावाल्यांनी नावाडी फोडले. एप्रिल १५१९ मध्ये एक खांब उतरवताना तो धरणारी लोखंडी कडी तुटली आणि खांबाचे तुकडे झाले. कडीचे लोखंड आतून पोकळ आणि निकृष्ट निघाले. माणसे थोडक्यात बचावली. १५२० मध्ये करारच रद्द झाला. सान लोरेन्झोची ती बाजू आजही ओबडधोबड आहे.

गावात मात्र मायकेलँजेलोने हा डोंगर हेरला, असेच कौतुकाने सांगतात. त्याने दगडाची प्रत ओळखली, हे खरे. पण त्याची पत्रे वाचली तर तीन वर्षे वाया गेल्याची चडफड जास्त दिसते. शिवाय मोंते आल्तिस्सिमोवरची, म्हणजे सेरावेझ्झाच्या वरच्या याच डोंगरावरची पद्धतशीर तोड काही दशकांनंतर, दुसऱ्या मेदिचीच्या अमलात सुरू झाली.

गावाची आजची ओळख त्याहून बरीच अलीकडची. बंद पडलेल्या खाणी १८२१ पासून पुन्हा चालू झाल्या, १८४२ मध्ये कलाशाळा निघाली आणि कारखाने वाढले. एक घनमीटर संगमरवर सुमारे २.७ टन भरतो. असे ठोकळे लाकडी घसरगाडीवर बांधून, पुढे साबण लावलेले ओंडके टाकत आणि मागून दोर सैल सोडत उतरवायचे. दोर तुटला की पुढचा माणूस गेलाच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्य गिऱ्हाईक होते जगभरची कॅथलिक चर्चेस : वेदी, संतांच्या मूर्ती, कबरींवरचे देवदूत. १९६० च्या दशकात चर्चची सजावट साधी करण्याकडे कल झुकला आणि ही मागणी आटली. नेमके तेव्हाच परदेशी आधुनिक शिल्पकार येऊ लागले, म्हणून कारागिरांचे हात रिकामे राहिले नाहीत. ब्राँझच्या ओतशाळांनाही याच काळात बरकत आली.

कारखान्यातले काम असे चालते : शिल्पकार छोटा नमुना देतो, त्यावरून प्लास्टरची प्रत होते. ठोकळ्यावर आधी पाणी मारतात. बाकीचा दगड वाळला तरी चिरेची रेघ ओली राहते. हातोडीने ठोकून आवाजही पाहतात : खणखणीत असेल तर ठीक, बद्द आला तर आत चीर आहे. मग तीन पक्क्या बिंदूंवर टेकणारी, सरकत्या सुईची चौकट प्लास्टरवर लावून खोली मोजायची, ती दगडावर न्यायची आणि सुई अडेपर्यंत भोक पाडायचे. शेकडो बिंदू असे उतरतात. शेवटच्या हातासाठी काही मिलिमीटर दगड राखून ठेवावा लागतो. छिन्नी सरळ उभी धरून जोरात मारली तर आतला स्फटिक चुरतो, आणि तो पांढरा डाग पॉलिश केल्यावरच दिसतो. तोवर उपाय संपलेला असतो.

आता खडबडीत घडाई बहुधा रोबो करतो. धूळ, आवाज आणि वाढती भाडी यांमुळे बरेच कारखाने वेशीबाहेर गेले आणि त्यांच्या जागी गॅलऱ्या आल्या. नुसत्या चौकात फिरून गाव कळत नाही ते यामुळेच. सेंट ऑगस्टीनच्या जुन्या मठात १९८४ पासून नमुन्यांचे संग्रहालय आहे, ते आधी पाहावे. तिथल्या प्लास्टरवर मापाच्या खुणा शोधाव्यात. माझ्या मते चौकातल्या तयार शिल्पांपेक्षा त्या जास्त सांगतात. व्हिया मात्सिनीवरच्या छोट्या चर्चमध्ये कोलंबियाचा चित्रकार-शिल्पकार बोतेरो याची स्वर्ग आणि नरकाची भित्तिचित्रे आहेत. कारखाना आतून पाहायचा असेल तर आधी विचारून जावे, आणि ऑगस्ट टाळावा. त्या महिन्यात बहुतेक ठिकाणी सुट्टी असते.