दोन गावांमधली वाट: कॉट्सवोल्ड्सला चालायला येण्याआधी एवढं वाचा

कॉट्सवोल्ड्स म्हणजे इंग्लंडमधला टेकड्या आणि छोट्या गावांचा भाग. तिथल्या आमच्या पायी सहलीचं तुमचं बुकिंग झालंय, आता हे जरा निवांत बसून वाचा, आणि आई-बाबा भारतातून येणार असतील तर त्यांनाही फॉरवर्ड करा, कारण अर्धे प्रश्न त्यांचेच असतात आणि ते आम्हाला विचारले जातात शेताच्या मधोमध उभं राहून.

पहिला प्रश्न ठरलेला, "ट्रेक आहे का?" नाही हो. राजगड, हरिश्चंद्रगड डोक्यातून काढून टाका. एका गावातून निघायचं, ओढ्याकाठानं, कुरणातून, मेंढ्यांच्या मधून दुसऱ्या गावात पोचायचं, चहा घ्यायचा, परत यायचं. रोज पर्वती चढणाऱ्या माणसाला हे काहीच नाही. बसनं एका दिवसात सहा गावं आणि प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं फोटो, असलं आम्ही करत नाही, त्यात गाव दिसतं पण दोन गावांच्या मधलं काहीच दिसत नाही, आणि खरी मजा त्या मधल्यातच आहे.

आता फुटपाथ. हा शब्द आपल्याला फसवतो. "पब्लिक फुटपाथ" अशी पाटी दिसली म्हणजे रस्त्याकडेचं फरसबंदी काही नाही, ती थेट कुणाच्यातरी शेतातून जाणारी पायवाट असते. आपल्याकडे शेताच्या वहिवाटीवरून तहसीलदाराकडे वर्षानुवर्षं केसेस चालतात ना, इथे ती वहिवाट सगळ्या जनतेची असते. १९४९ च्या कायद्यानं कौन्सिलांना (म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाला) अशा वाटांचे नकाशे करायला लावले, आणि नकाशावर वाट आली की मालकाला ती आपल्या मर्जीनं बंद करता येत नाही. त्यामुळे गव्हाच्या उभ्या पिकातून वाट गेली असेल तरी बिनधास्त जा, चोरासारखं बांधाबांधानं जायची गरज नाही. मात्र हक्क वाटेपुरताच आहे, वाट सोडून आत शिरलात, की तुम्ही आगंतुक. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे घोडा-सायकलसुद्धा. गेट उघडं असेल तर उघडंच ठेवा, बंद असेल तर बंद करा.

गेटवरून आठवलं, "किसिंग गेट" वाचून काका लोक हसतात. अर्धगोल कठड्यात अडकवलेलं झुलतं फाटक असतं, माणूस वळून निघतो, गाय नाही निघत. काही वाटांवर कुंपण ओलांडायला दोन फळ्यांची पायरी असते, तिला स्टाइल म्हणतात, गुडघे दुखत असतील तर तिथेच वांधा होतो, म्हणून तुमच्या गुडघ्यांचं आम्हाला आधीच सांगा, लाजू नका, वाट त्याप्रमाणे निवडता येते.

सगळ्यात सोपी वाट बोर्टन-ऑन-द-वॉटरहून लोअर स्लॉटर आणि तिथून अप्पर स्लॉटर, जाऊन-येऊन साधारण ७ किलोमीटर. बोर्टनमधून विंडरश नदी जाते, त्यावर छोटे बुटके दगडी पूल, आणि उन्हाळ्यात तिथे दिवेआगरच्या बीचइतकी गर्दी. घाबरू नका, दहा-पंधरा मिनिटं चाललात की गर्दी संपते, कारण पार्किंगपासून लांब जायला लोक तयारच नसतात. लोअर स्लॉटरला जुनी गिरणी आणि तिची विटांची चिमणी दिसते, आय नावाची नदी घरांना खेटून जाते (नदी कसली, आपला ओढाच), पुढे कुरणातून वर गेलं की अप्पर स्लॉटर. स्लॉटर म्हणजे कत्तल नाही बरं का, जुन्या इंग्रजीतला चिखल-दलदलीचा शब्द आहे तो, आणि तो अगदी खरा आहे, बुटांचं पुढे सांगतोय ते त्याचसाठी. उलट अप्पर स्लॉटर हे इंग्लंडमधल्या अशा मोजक्या गावांपैकी एक, जिथून दोन्ही महायुद्धांना गेलेले सगळे जिवंत परत आले. इथे गावोगाव चौकात वॉर मेमोरियल असतं, नावं कोरलेली. अप्पर स्लॉटरला मात्र ते शोधू नका. आमच्या ग्रुपमधल्या एक आजी, ज्यांचे मालक फौजेत होते, त्या हे ऐकून ओढ्याकाठी बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या आणि त्या दिवशी आम्ही पुढचं काहीच केलं नाही.

दुसरी वाट इतिहासवाल्यांसाठी. बोर्टन-ऑन-द-हिल (हे वेगळं बोर्टन, गोंधळू नका) ते लाँगबरो, ४ किलोमीटरच्या आसपास, मध्ये सीझिनकोट नावाच्या वाड्याच्या आवारातून वाट जाते. चालता चालता समोर एकदम हिरवट तांब्याचा घुमट, कोपऱ्यांना छत्र्या, मुघली कमानी. इंग्लंडच्या मेंढ्या चरतायत आणि मागे हे! ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत पैसा कमावून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलनं १८०५ च्या सुमारास भावाकडून, सॅम्युएल पेपिस कॉकरेल या आर्किटेक्टकडून, ते बांधून घेतलं. वाटेवरून बघायला पैसे नाहीत, आतलं बघायचं तर ठरावीक दिवशी तिकीट.

याच आर्किटेक्टनं वॉरन हेस्टिंग्जचा डेल्सफर्डचा वाडा केला. हो, तोच, सालबाईच्या तहाच्या वेळचा गव्हर्नर जनरल. किंगहॅम गावातून डेल्सफर्ड दोनेक किलोमीटर, वाडा खासगी आहे पण तिथल्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. गेला १८१८ ला, पेशवाई बुडाली त्याच साली. शाळेत पाठ केलेल्या धड्यातला माणूस असा एका कोपऱ्यात गवताशेजारी सापडतो हे आम्हाला दरवेळी विचित्र वाटतं, तुम्हाला काय वाटतं ते बघा.

बूट. वॉटरप्रूफ आणि सोल खरबरीत हवा, पांढरे स्पोर्ट शूज कृपया नको, जूनमध्येसुद्धा गेटपाशी गाईंनी तुडवून चिखल केलेला असतो. साडी चालेल, काहीजणी नेसून येतात, फक्त जरा वर खोचा. वाटेकडेला नेटल म्हणून झुडूप असतं, आपल्या खाजकुयलीची आठवण येईल असं, म्हणून फुल पँट. घरी गेल्यावर पायांवर गोचीड आहे का बघा, हसण्यावारी नेऊ नका, त्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो.

आणि गाई. आपल्या लोकांना गाय दिसली की हात लावून नमस्कार करायचा असतो. इथे नका. वासरू सोबत असेल तर गाय अंगावर येते, माणसं तुडवली गेल्याच्या घटना दरवर्षी बातम्यांत असतात. शांतपणे, लांबून वळसा घालून जा, गाय आणि वासराच्या मध्ये कधीच येऊ नका.

जेवण: पबमध्ये दुपारचं किचन बऱ्याच ठिकाणी अडीचच्या सुमाराला बंद होतं, त्यामुळे आपण एक वाजताच पोचायचं. ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची, टेबलाशी कुणी येईल म्हणून वाट बघत बसलात तर संध्याकाळ होईल. व्हेज लोकांना भाजलेला बटाटा आणि वर बीन्स किंवा चीज हमखास मिळतं. दशम्या-चटणी आणलीत तर उत्तमच, पण ती गावातल्या हिरवळीवरच्या बाकावर बसून खा, पबच्या टेबलावर नाही. टॉयलेट बोर्टन-ऑन-द-वॉटरमध्येच उरकून निघा.

यायचं कसं? लंडन पॅडिंग्टनहून मोरटन-इन-मार्शला थेट ट्रेन, पावणेदोन तास धरा, तिथून बोर्टन-ऑन-द-वॉटरला ८०१ नंबरची बस. रविवारी बसचा भरवसा धरू नका. बॅगा पुढच्या मुक्कामी आम्ही गाडीनं पोचवतो, तुमच्या पाठीवर फक्त पाणी, रेनकोट आणि खाऊ. मोबाइलला मध्येमध्ये रेंज नसते, म्हणून प्रत्येक फॅमिलीला वाटेचं छापील पान देतो, आणि हौस असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा (इथलं सरकारी नकाशा खातं) ओएल ४५ नकाशा घ्या, त्यात ४ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर आणि हिरव्या तुटक रेघा म्हणजे पायवाटा.

आम्ही एप्रिल ते ऑक्टोबर चालवतो. कोकरं बघायची तर एप्रिल-मे, उजेड हवा तर जून, साडेनऊपर्यंत दिसतं, ऑगस्टअखेर काटेरी कुंपणांवर ब्लॅकबेरी. डिसेंबरमध्ये चारलाच अंधार पडतो, तेव्हा विचारू नका.

पावसाचं काय? बारीक पाऊस असला तरी निघतो. फार जोरात असेल तर सकाळी सातला ग्रुपवर मेसेज येईल, तो बघूनच आंघोळीला जा.