उंदीर की चिचुंद्री? पिंजरा लावण्याआधी ओळखून घ्या

वडोदऱ्यात पावसाने जोर धरला की जमिनीतली बिळं आणि गटाराच्या कडेच्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि तिथले रहिवासी कोरडी जागा शोधत घराघरांत शिरतात. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांमध्ये आलं, तसा पूर आला तर विचारायलाच नको. पण दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरांना पूर लागतच नाही, नेहमीचा पाऊसही पुरतो. मागची चोकडी, म्हणजे धुण्या-भांड्याची मोरी, पाणी जाण्याचं उघडं भोक, जिन्याखाली साठलेली रद्दी, शेजारच्या घराला चिकटलेली भिंत. एवढं असलं की झालं. रात्री ओट्याखालून काहीतरी सर्रकन जातं, कुणीतरी "उंदीर, उंदीर" म्हणून ओरडतं आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून पिंजरा येतो.

पिंजरा आणणाऱ्या माणसाचं मला मनापासून कौतुक आहे. विष किंवा चिकट पट्टी सोडून त्याने पिंजरा निवडला, म्हणजे जीव न घेता प्रश्न सुटावा असं त्याला वाटतं. पण त्या पिंजऱ्यात शिरणारा उंदीरच असेल असं नाही. आपल्या घरांत तळाशी, भिंतीच्या कडेने पळणारा प्राणी बऱ्याचदा चिचुंद्री असते, आणि उंदरासाठी दयेचा ठरणारा तोच पिंजरा चिचुंद्रीच्या बाबतीत सकाळपर्यंत जीवघेणा ठरू शकतो.

दिसायला दोघं सारखी वाटली तरी नात्याने फार लांबची आहेत. उंदीर कुरतडणाऱ्यांच्या गणातला. खार, घूस, साळिंदर ही त्याची भावकी. चिचुंद्री त्या गणात बसतच नाही. तिचं नातं इथे गुजरातेत ज्याला शेळो म्हणतात त्या अंगावर काटे असलेल्या प्राण्याशी आहे. ती किडे खाणारी आहे. झुरळं, रातकिडे, गोम, गांडुळं, मुंग्या हे तिचं जेवण. हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो दातांत. उंदराला पुढे वर दोन आणि खाली दोन असे पटाशीचे दात असतात. ते आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे लाकूड, वायर, प्लास्टिकचा डबा, जे मिळेल ते तो कुरतडत राहतो. पटाशीच्या मागे मोकळी जागा आणि मग दाढा, असे त्याचे एकूण 16 दात. चिचुंद्रीला 30 लहान, टोकदार दात असतात. झुरळाचं कवच फोडायला ते उत्तम, पण फ्रिजची वायर कुरतडणं तिच्या दातांचं कामच नाही. वायर कुरतडलेली दिसली की चिचुंद्रीवरचा संशय काढून टाका.

ओळख पटवायची तर शेजारच्या काकूंच्या पिंजऱ्यात एकदा जी सापडली होती तीच डोळ्यांपुढे येते. "अगं, बघ केवढा उंदीर!" म्हणत त्यांनी पिंजरा अंगणात आणला आणि उजेडात नीट पाहिल्यावर गप्प झाल्या. आतला प्राणी तारांना दात लावतच नव्हता. लांब, निमुळतं, गुलाबीसर तोंड एकेका तारेच्या फटीतून बाहेर काढून तो हवा हुंगत होता. ते तोंड सारखं हलत होतं, टोक वर-खाली, डावीकडे-उजवीकडे. डोळे इतके बारीक की केसांत शोधावे लागत होते. कान गोल, डोक्याला चिकटलेले. अंगाची लव आखूड, मखमली, करडी. शेपूट बुडाशी जाड, टोकाला बारीक, आणि तिच्यावर मधूनमधून लांब एकेकटे केस उभे. पुढच्या पंजाला बोटं पाच. उंदराच्या पुढच्या पायाला नीट दिसणारी बोटं चार असतात, त्याचे डोळे टपोरे, काळेभोर असतात, कान मोठे, आणि शेपूट अंगाएवढं किंवा त्याहून लांब. आणि तो वास! चिचुंद्रीच्या दोन्ही कुशींत ग्रंथी असतात, त्यांतून कस्तुरीसारखा पण डोक्यात जाणारा वास येतो. मांजर तिला पकडतं, मारतं आणि बऱ्याचदा न खाता टाकून देतं, ते या वासामुळेच. पिंजरा धुतला तरी तो वास लगेच जात नाही.

प्राणी दिसलाच नसेल तर मागे काय राहिलं ते बघा. घरातल्या लहान जातीच्या उंदराच्या लेंड्या 3 ते 6 मिलिमीटरच्या, टोकाला निमुळत्या, वाळल्या की कडक होतात आणि डब्यांच्या मागे, कपाटात, तो जिथे जिथे फिरतो तिथे विखुरलेल्या सापडतात. मोठ्या जातीच्या उंदराच्या त्याच्या दुप्पट-तिप्पट. चिचुंद्रीची घाण मऊ, ओलसर, काळपट-हिरवट असते, एखाद्या कोपऱ्यात साठलेली असते, आणि नीट पाहिलं तर तिच्यात किड्यांच्या पंखांचे, पायांचे तुकडे दिसतात. आवाजाचंही तसंच. उंदीर छतात, माळ्यावर, भिंतीत खरवडताना ऐकू येतो. चिचुंद्रीला चढाई फारशी जमत नाही, ती जमिनीवरूनच, भिंतीला अंग घासत जाते आणि जाताना चिवचिव, खुळखुळ असा आवाज करत राहते. तो आवाज नाण्यांसारखा वाटतो म्हणून असेल कदाचित, काही घरांत चिचुंद्री आली म्हणजे लक्ष्मी आली असं मानतात आणि तिला मारत नाहीत. ती आंधळी असते हा समज मात्र खरा नाही. तिची नजर कमजोर असते, पण नाक आणि मिशांच्या जोरावर ती अंधारात अचूक फिरते.

माझं स्पष्ट मत असं, की चिचुंद्रीसाठी पिंजरा लावायची गरज बहुतेक घरांत नसतेच. ती घरात आली याचा अर्थ घरात झुरळं आहेत आणि चोकडीचं भोक उघडं आहे. भोकाला बारीक जाळी बसवा, झुरळांचा बंदोबस्त करा, मांजराचं खाणं रात्री उघडं ठेवू नका, आणि ती स्वतःहून बाहेरचा रस्ता धरते. ती खोलीत अडकलीच तर दिवे मालवा, बाहेरचं दार उघडं ठेवा आणि भिंतीच्या कडेने केरसुणी धरून तिला हळूहळू दाराकडे सरकू द्या. भिंत सोडून ती मधोमध पळत नाही, त्यामुळे हे काम वाटतं तितकं अवघड नाही. पिंजऱ्यातल्या पक्ष्याची किंवा कोंबडीच्या पिल्लांची गोष्ट वेगळी, तिथे ती खरंच नुकसान करू शकते. स्वयंपाकघरात तिची घाण नको हेही खरंच. पण त्यासाठी तिचा जीव जाण्याची काही गरज नाही.

उंदराचं तसं नाही. तो आपल्या धान्यावरच येतो आणि एकदा बस्तान बसलं की वाढत जातो. घरातल्या लहान उंदराची मादी 19 ते 21 दिवसांत पाच-सहा, कधी जास्त पिल्लं घालते आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः पिल्लं घालण्याच्या वयाची होतात. इथे पिंजरा लागतो. लहान उंदीर चौकस असतो, नवी वस्तू दिसली की बघायला येतो, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या रात्रीच सापडतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्यासाठी पिंजरा काही दिवस दार अडकवून उघडाच ठेवावा, आत खाणं ठेवावं, त्याला येऊन-जाऊन खाऊ द्यावं, आणि सवय झाली की मग लावावा. भाजलेलं खोबरं, शेंगदाणे, भजियाचा तुकडा यांवर दोघंही येतात. पिंजरा भिंतीला लागून, दार वाटेच्या दिशेला करून ठेवायचा, खोलीच्या मधोमध नाही.

पिंजरा लावून निवांत झोपायचं नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. उंदराच्या पिंजऱ्यात चिचुंद्री चुकून शिरू शकते, आणि तिच्या शरीराची भट्टी इतकी जोरात चालते की काही तासांची उपासमारही तिला भारी पडते. पिंजऱ्यातलं खोबरं आणि पोळी तिच्या फारशी कामाची नसते. म्हणून संध्याकाळी लावलेला पिंजरा झोपण्याआधी बघा, रात्री उठाल तेव्हा बघा आणि पहाटे बघाच. ज्या रात्री बघणं जमणार नाही त्या रात्री दार उघडंच अडकवून ठेवा. आत थोडा कापूस किंवा कागदाचे कपटे ठेवले तर दोघांनाही ऊब मिळते. प्राणी सापडला की पिंजऱ्यावर फडकं टाका. अंधार झाला की उंदीर तारांवर नाक घासून घ्यायचं थांबवतो.

चिकट पट्टीबद्दल मला राग आहे आणि तो लपवायचा नाही. तिच्यावर अडकलेला प्राणी तासन्‌तास जिवंत असतो, सुटायच्या धडपडीत स्वतःची कातडी सोलून घेतो, आणि पट्टी उंदीर, चिचुंद्री, पाल, चिमणी असा फरक करत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने या पट्ट्यांविरुद्ध राज्यांना लिहिलं आहे, आणि प्राण्यांना विनाकारण यातना देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे. पिंजरा बादलीत बुडवणं हीही त्याच जातीची गोष्ट. विषाच्या वड्यांतलं ब्रोमॅडिओलोन रक्त गोठू देत नाही, त्याने उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि तेवढ्यात तो गव्हाणी घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर विष त्यांच्या पोटात जातं.

आता सोडायचं कुठे? सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. अनेकांना वाटतं, जितकं लांब नेऊ तितकं चांगलं. मग स्कूटरवर पिंजरा ठेवून शहराबाहेरच्या शेतापर्यंत जातात. घरात वाढलेल्या उंदराला तिथे बीळ नाही, साठवलेलं धान्य नाही, वाटा माहीत नाहीत, वरून घुबड आणि खालून मांजर. असे हलवलेले प्राणी पुष्कळ वेळा फार दिवस टिकत नाहीत. मोठा उंदीर टिकला तर तो त्या शेतकऱ्याची डोकेदुखी होतो. अगदी दाराशी सोडला तर त्याच रात्री परत येतो. म्हणून क्रम बदलायला हवा: आधी भोकं बुजवायची, मग पिंजरा. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी, जेमतेम 6 मिलिमीटरची फट पुरते. तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावलं तर ती त्याला कुरतडता येत नाही, नुसतं सिमेंट किंवा लाकडाची पट्टी तो पोखरतो. घर बंद झालं की मग त्याला जवळपासच्याच, झाडोरा आणि आडोसा असलेल्या, कोरड्या मोकळ्या जागेत सोडा, संध्याकाळी, सोबत मूठभर धान्य टाकून. शेजाऱ्याच्या भिंतीलगत नको. पावसाळ्यात विश्वामित्रीच्या काठावर नको, पाणी कधी चढेल सांगता येत नाही. सयाजीबागेतही नको, तिथे प्राणिसंग्रहालय आहे आणि उंदरांबरोबर रोग जातात. चिचुंद्रीला तर कुठे न्यायचंच नसतं. सापडल्या क्षणी, त्याच अंगणात, कुंड्यांच्या किंवा झुडपाच्या आडोशाला पिंजऱ्याचं दार उघडा आणि बाजूला व्हा.

हे सगळं उघड्या हाताने करू नका. उंदीर आणि चिचुंद्री दोघांच्याही मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो, आणि सुरत, नवसारी, वलसाड या पट्ट्यात हा आजार पावसाळ्यात दरवर्षी चिंतेचा विषय असतो. रबरी हातमोजे घाला, लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवून मग पुसा. चावा बसला तर साबणाने भरपूर धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. एकाच घरात किंवा गल्लीत बरेच उंदीर कारण नसताना मेलेले दिसले तर ते हलवू नका, आरोग्य खात्याला कळवा. 1994 मध्ये सुरतेत प्लेग आला होता, हे गुजरातेत राहणाऱ्यांनी विसरण्यासारखं नाही.

सोडण्याआधी एकदा पोटाखाली बघा. पिंजरा वर धरून खालून पाहिलं की कळतं. मादीच्या आचळांभोवतीचे केस झडलेले आणि आचळं ठसठशीत दिसली तर तिची पिल्लं घरात कुठेतरी आहेत. चिचुंद्रीची पिल्लं थोडी मोठी झाली की आईच्या शेपटीच्या बुडाला पहिलं, त्याच्या मागे दुसरं असं एकमेकांना तोंडाने धरून रांगेने तिच्या मागून चालतात, पण त्याआधी ती घरट्यात असहाय पडून असतात. अशी आई कुठल्याही जातीची असो, जिथे सापडली तिथेच लगेच सोडा आणि भोकं आधी बुजवली असली तरी तेवढे दिवस मोकळी ठेवा. उंदराची पिल्लं साधारण तीन आठवड्यांत दूध सोडून स्वतः खायला लागतात. तोवर धान्याचे डबे पत्र्याचे, झाकण घट्ट लागणारे ठेवा, आणि पिंजरा त्यानंतर लावा.