होकुतो नो केन

होकुतो नो केन : अणुयुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जगात घडणारी युद्धकलाप्रधान जपानी चित्रकथा (मांगा) व तिच्यावरील ॲनिमे मालिका. कथालेखन बुरोनसोन (मूळ नाव योशियुकी ओकामुरा, जन्म १९४७) यांचे, रेखाटन तेत्सुओ हारा (जन्म १९६१) यांचे. शुएइशा प्रकाशनाच्या ‘साप्ताहिक शोनेन जम्प’मध्ये ती सप्टेंबर १९८३ ते ऑगस्ट १९८८ या काळात क्रमशः आली. तिची २४५ प्रकरणे २७ खंडांत ग्रंथित झाली आहेत. तोएइ ॲनिमेशनने काढलेली दूरचित्रवाणी मालिका फुजी टेलिव्हिजनवर ११ ऑक्टोबर १९८४ ते ५ मार्च १९८७ (१०९ भाग) आणि दुसऱ्या पर्वाच्या रूपाने १३ मार्च १९८७ ते १८ फेब्रुवारी १९८८ (४३ भाग) अशी चालली.

नावाविषयी आधी खुलासा करायला हवा, कारण इंग्रजी शीर्षकामुळे ते ‘उत्तर ताऱ्याची मूठ’ असे सांगितले जाते आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर ध्रुव उभा राहतो. ‘होकुतो’ म्हणजे ध्रुव नव्हे. चिनी लिपीतील ती दोन अक्षरे ‘उत्तरेकडील पळी’ असा अर्थ देतात आणि ही पळी म्हणजे आपले सप्तर्षी. ‘केन’ म्हणजे मूठ, आणि त्यावरून मुष्टियुद्धाची परंपरा. तेव्हा ‘सप्तर्षींची मूठ’ हेच भाषांतर अर्थाला धरून होईल. हा फरक केवळ शब्दांचा नाही. ध्रुव म्हटले की आपल्याला अढळपद आठवते. या कथेत मात्र काहीच अढळ नाही. वीर पडला की त्याचा तारा आकाशातून निखळतो.

चित्रकथेच्या उगमाबाबत दोन मते आढळतात. एका मताप्रमाणे ही कल्पना १९८१ च्या ‘मॅड मॅक्स २’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटातून आली. उजाड वाळवंट, पाणी आणि पेट्रोलसाठी चाललेली लूट, कातडी पोशाखातल्या मोटारसायकलस्वारांच्या टोळ्या पाहिल्या की हे मत पटते, आणि हारा यांनीही हा प्रभाव मान्य केला आहे. दुसरे मत संपादक नोबुहिको होरिए यांच्याकडे बोट दाखवते. मोटारसायकल शर्यतीवरची हारा यांची आधीची मालिका अल्पायुषी ठरली होती. त्यानंतर होरिए आणि हारा यांनी मर्मस्थाने दाबून शत्रूला आतून फोडणाऱ्या योद्ध्याची कल्पना घडवली. तिच्यावर ‘होकुतो नो केन’ याच नावाच्या दोन सुट्या कथा १९८३ च्या पूर्वार्धात ‘फ्रेश जम्प’ मासिकात आल्या. त्यांचा नायक कासुमी केनशिरो हा समकालीन जपानमधला तरुण विद्यार्थी आहे. त्यात अणुयुद्ध नाही, वाळवंट नाही, कुठलीही टोळी नाही. पण होकुतोची विद्या आहे, मर्मस्थाने आहेत आणि वैरी संप्रदायही आहे. साप्ताहिकासाठी बुरोनसोन लेखक म्हणून आले तेव्हा कथा प्रलयोत्तर काळात गेली. यावरून पाहता चित्रपटाने कथेला रंगभूमी दिली, गाभा मात्र आधीच तयार होता, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कंबोडियातील नरसंहाराच्या खुणा प्रत्यक्ष पाहिल्याचा परिणाम बुरोनसोन यांनी सांगितला आहे, तोही लक्षात घ्यावा लागतो. मालिकेतील गुलामांचे तांडे आणि मुलांकडून करून घेतलेली वेठबिगारी केवळ मोटारसायकलींच्या चित्रपटातून आलेली दिसत नाही. केनशिरोच्या अंगलटीवर ब्रूस ली यांची छाप आहे, हे उघडच आहे.

कथानक सर्वपरिचित असल्याने थोडक्यात : विसाव्या शतकाचे अखेरचे दशक, नेमके वर्ष मुद्दाम मोकळे ठेवलेले. होकुतो शिनकेन या विद्येचा एकमेव वारस केनशिरो वाळवंटातून चालला आहे. त्याच्या छातीवर सप्तर्षींच्या आकारात सात व्रण आहेत. मित्र शिन याने बोटे खुपसून ते केले आणि केनची वाग्दत्त वधू युरिया हिला पळवून नेले. रिन आणि बाट ही दोन मुले केनच्या सोबतीला येतात. पुढे त्याचे तीन गुरुबंधू समोर येतात. तोकीला ही विद्या रोग बरे करण्यासाठी वापरायची आहे. जागी हा मत्सराने पोखरलेला आहे. थोरला राओ स्वतःला मुष्टिराज म्हणवतो आणि आकाशालाच आव्हान देतो. होकुतोची विद्या एका पिढीत एकाच शिष्याला मिळते. उरलेल्यांची मूठ निकामी करायची किंवा त्यांची स्मृती पुसायची, असा दंडक आहे. मालिकेतील सारे दुःख या दंडकातून वाहते. प्रतिस्पर्धी नान्तो संप्रदायातल्या सौझरची कथा अशाच दंडकाचे टोक आहे. ज्या गुरूने बाप होऊन वाढवले त्यालाच अजाणता मारून त्याला वारसा मिळतो. त्यानंतर तो प्रेमाचेच नाव टाकतो आणि मुलांना राबवून गुरूसाठी पिरॅमिड बांधतो.

कथेच्या आरंभीचा एक प्रसंग मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण डोकी फुटण्याच्या दृश्यांमागे तो विसरला जातो. मिसुमी नावाचा म्हातारा भाताच्या बियाण्याची पिशवी छातीशी कवटाळून पळतो आहे. गाव उपाशी आहे, पण हे दाणे आज शिजवायचे नाहीत, पेरायचे आहेत. आजच्यापेक्षा उद्या महत्त्वाचा, असे तो म्हणतो. गुंड त्याला ठार करतात. केनशिरो त्यांचा हिशेब चुकता करतो, म्हाताऱ्याला पुरतो आणि त्या मातीवर मुठीमुठीने बियाणे टाकतो. अशा जमिनीत ते उगवणार कसे, या शंकेला तो उत्तर देतो की उगवेल, खाली तो म्हातारा निजला आहे. ज्या हाताने क्षणापूर्वी माणसे फोडली त्याच हाताने केलेली ही पेरणी हीच या मालिकेची खरी ओळख आहे.

होकुतो शिनकेनचे शास्त्र कथेत असे : शरीरात ७०८ मर्मस्थाने आहेत. नेमक्या ठिकाणी बोट रोवून शक्ती आत सोडली की देह आतून फुटतो, हलेनासा होतो, किंवा बरादेखील होतो. मर्मस्थानासाठी योजलेला ‘हिको’ (गुप्त छिद्र) हा शब्द कथेसाठी घडवलेला दिसतो. जपानी वैद्यकात ‘त्सुबो’ किंवा ‘केइकेत्सु’ म्हणतात. चिनी परंपरेतील प्रमाणित ॲक्युपंक्चर बिंदू ३६१ आहेत आणि सुश्रुतसंहितेतील मर्मे १०७. ७०८ ही संख्या यांपैकी कुठूनही निघत नाही. प्रतिस्पर्धी नान्तो संप्रदायाचे १०८ पंथ सांगितले आहेत, तिथे मात्र बौद्ध परंपरेतील १०८ ची छाया स्पष्ट आहे. होकुतोची मूठ आतून फोडते, नान्तोची बाहेरून चिरते. विद्येचे वय कथेत कुठे दोन हजार वर्षे, तर कुठे सुमारे १,८०० वर्षे असे येते. दुसरा आकडा चीनच्या तीन राज्यांच्या काळाशी जुळतो. उत्तरार्धात घराण्याचा इतिहास रचताना तो पक्का केला असावा.

होकुतो आणि नान्तो ही जोडी मात्र बुरोनसोन यांची नव्हे. ‘नान्तो’ म्हणजे दक्षिणेकडील पळी, अर्थात धनू राशीतील सहा तारे. उत्तरेची पळी मृत्यूची नोंद ठेवते आणि दक्षिणेची जन्माची, ही जुनी चिनी समजूत आहे. इ.स. चौथ्या शतकातील ‘सोउशेन जी’ या अद्भुतकथासंग्रहात तिची कथा येते. ज्योतिषी ग्वान लू एका मुलाला सांगतो की तुझे आयुष्य एकोणीस वर्षांचेच आहे. मग तोच उपाय सुचवतो : तुतीच्या झाडाखाली दोन म्हातारे पटावर खेळत बसलेले दिसतील, त्यांच्यापुढे मद्य आणि वाळवलेले हरणाचे मांस ठेव आणि काही बोलू नकोस. खेळात रंगलेले ते दोघे खातात, पितात. मग ओशाळून दक्षिणेकडे बसलेला म्हातारा वही मागवतो आणि खूण करून अंकांचा क्रम उलटवतो. एकोणिसाचे नव्वद होतात. उत्तरेकडे बसलेला तो होकुतो, दक्षिणेकडचा नान्तो. मालिकेत केनशिरो समोरच्याला ‘तू आधीच मेलेला आहेस’ असे सांगतो, त्या शब्दांमागे ही वही उघडी आहे, असे म्हणता येईल.

जपानमध्ये सप्तर्षी व ध्रुव यांची उपासना म्योकेन बोधिसत्त्वाच्या रूपाने रूढ झाली. चिबा घराणे तिचे मोठे उपासक. एकोणिसाव्या शतकात चिबा शूसाकू यांनी स्थापलेल्या तलवारविद्येच्या संप्रदायाचे नावही ‘होकुशिन’ (उत्तर तारा) या शब्दाने सुरू होते. पळीच्या दांड्याच्या टोकाचा तारा, आपला मरीची, चिनी व जपानी परंपरेत ‘सैन्य मोडणारा’ म्हणून ओळखला जातो. योद्ध्यांनी हे नक्षत्र आपलेसे करण्याची परंपरा अशी जुनी आहे. मालिकेने तिला मुठीत आणले.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा दुवा ‘शिचोसेइ’ (मृत्युसूचक तारा) या कल्पनेत आहे. सप्तर्षींच्या शेजारी मिणमिणणारा हा तारा ज्याला दिसेल तो त्या वर्षात मरेल, असे मालिका सांगते. राओ प्रतिस्पर्ध्याला विचारतो : तो तारा तुला दिसतो का? केनशिरोचा साथीदार रेइ याला तो दिसतो. राओ त्याच्या मर्मावर बोट रोवून तीन दिवसांचे आयुष्य ठेवतो. तोकी दुसरे मर्म दाबून थोडी मुदत वाढवून देतो, पण त्या वेदनेत रेइचे केस एका रात्रीत पांढरे होतात. त्यांच्या बाजूने लढणाऱ्या मामिया या तरुणीलाही तो तारा दिसतो. वर्णनावरून हा तारा म्हणजे वसिष्ठाजवळची अरुंधती. वसिष्ठ दुसऱ्या प्रतीचा, अरुंधती चौथ्या प्रतीची, दोहोंत सुमारे १२ कलांचे अंतर. लग्नात नवऱ्यामुलीला दाखवतात ती हीच.

पण भारतीय समजूत नेमकी उलटी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात मरणचिन्हे सांगताना ज्याला अरुंधती, ध्रुव किंवा आकाशगंगा दिसत नाही तो गतायुष समजावा, असे म्हटले आहे. जपानी लोकपरंपरेतही याच ताऱ्याला ‘आयुष्याचा तारा’ असे नाव आढळते, आणि तो न दिसणे हेच मृत्यूचे लक्षण मानतात. अरबांकडे तो दृष्टी पारखण्यासाठी वापरत. या साऱ्याला एक साधी वैद्यकीय बैठक आहे : वय वाढून नजर मंदावली की अंधुक तारा आधी हरवतो. मग ‘दिसला तर मृत्यू’ हे कुठून आले? एखाद्या स्थानिक समजुतीचा आधार असणे अगदीच अशक्य नाही. पण लेखकाने ही समजूत जाणून उलटवली, हेच मत अधिक ग्राह्य वाटते. न दिसणाऱ्या गोष्टीचे चित्र काढता येत नाही. दिसणाऱ्या ताऱ्याकडे मान वर करून पाहणारा, सारे समजून गप्प राहणारा रेइ मात्र काढता येतो.

उत्तरार्धातील ‘शुरांचा देश’ हे नावही आपल्या ओळखीचे आहे. संस्कृत ‘असुर’ चिनीमार्गे जपानीत ‘आशुरा’, ‘शुरा’ असा पोहोचला. अखंड युद्धात जळणारी योनी, हा त्याचा बौद्ध अर्थ कथेत जसाच्या तसा आहे. राओच्या मृत्यूनंतरच्या या भागाची वीण सैल आहे. नवे भाऊ, नवी घराणी येत राहतात, आणि आधीच्या भागाचा शोक त्यांना पेलत नाही.

ॲनिमे मालिकेचे दिग्दर्शन तोयोओ आशिदा यांचे, पात्ररेखाटन मासामी सुदा यांचे. ती गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, घरोघरी जेवणाच्या वेळी लागे. त्यामुळे चित्रकथेतील रक्तपात जसाच्या तसा दाखवणे शक्य नव्हते. त्यातून मालिकेची खास शैली जन्मली : फुटणारा देह काळ्या सावलीत, मागे उजळलेले रंग, रक्ताऐवजी पांढरी झळाळी. आज पुन्हा पाहताना ही बंधनातून आलेली युक्तीच सर्वांत टवटवीत वाटते. आशिदा यांनीच दिग्दर्शित केलेला ८ मार्च १९८६ चा चित्रपट या बाबतीत मोकळा आहे, पण सावल्यांची धग त्यात नाही. मालिकेची चाल आरंभी संथ आहे. मूळ कथेत काही प्रकरणांतच संपणारा शिन इथे २२ व्या भागापर्यंत टिकतो आणि मधली जागा नव्याने रचलेल्या गुंडांनी भरली आहे. नव्या प्रेक्षकाने तेवढा धीर धरावा. रेइ आल्यावर मालिका पकड घेते, आणि सौझरपासून राओच्या अंतापर्यंत ती सोडत नाही.

केनशिरोचा आवाज आकिरा कामिया यांचा. एरवी शांत, खालच्या पट्टीतला हा आवाज ठोशांच्या सरीत एकदम चिरका होतो. राओला केन्जी उत्सुमी यांचा भरदार आवाज लाभला. निवेदक शिगेरू चिबा यांचे पुढील भागाचे निवेदन आरंभी गंभीर आहे, आणि भाग सरतील तसे ते आरोळीकडे झुकत जाते. मरणाऱ्या गुंडांच्या तोंडचे ‘हिदेबु’, ‘आबेशि’ हे निरर्थक उद्गार जपानी बोलीत शिरले. क्रिस्टल किंग या वाद्यवृंदाचे शीर्षकगीत आजही ओळखले जाते. राओ मुठ आकाशाकडे उंचावून, आयुष्यात तिळमात्र पश्चात्ताप नाही असे म्हणत, उभ्या उभ्या प्राण सोडतो. २००७ मध्ये तोक्योत त्याचा प्रतीकात्मक अंत्यविधी झाला, तेव्हा हजारो चाहते जमले होते.

पुढील निर्मितींत हारा यांची ‘सोतेन नो केन’ (२००१–१०) ही पूर्वकथा उल्लेखनीय आहे. १९३० च्या दशकातील शांघायमध्ये घडणाऱ्या या कथेच्या नायकाला १९८३ च्या सुट्या कथांमधले कासुमी केनशिरो हे नाव परत मिळाले. १९९५ मध्ये इंग्रजी चित्रपट निघाला. चित्रकथेच्या प्रतींचा एकूण खप १० कोटींवर गेला आहे. चाळिसाव्या वर्षाच्या निमित्ताने २०२३ मध्ये नव्या ॲनिमे मालिकेची घोषणा झाली. नागानो प्रांतातील साकु या बुरोनसोन यांच्या जन्मगावी रेल्वेस्थानकाजवळच्या रस्त्यात मॅनहोलची सात झाकणे या पात्रांच्या चित्रांनी मढवलेली आहेत.