स्लॅब प्रतिमान

स्लॅब प्रतिमान : घन पदार्थाचा पृष्ठभाग किंवा अतिपातळ थर संगणकात मांडण्याची रीत. क्वांटम एस्प्रेसो, वास्प, सिएस्टा यांसारखी इलेक्ट्रॉन संरचनेची सॉफ्टवेअर पदार्थ एका पेटीत मांडतात आणि ती पेटी तिन्ही दिशांना अखंड गिरवतात. स्फटिकाच्या गाभ्याला हे चपखल बसते, पण पृष्ठभागापाशी स्फटिक संपतो. म्हणून पेटीत मोजकेच अणुथर ठेवून वर पोकळी सोडतात. पेटी वरखालीही गिरवली जातेच. त्यामुळे गणितात उतरतो तो एकटा स्लॅब नव्हे, तर थर, पोकळी, थर, पोकळी अशी न संपणारी चवड.

पोकळी किती सोडायची? साधारण १५ अँगस्ट्रॉम म्हणजे दीड नॅनोमीटरपासून सुरुवात करतात, पण हा आकडा दुसऱ्याच्या इनपुट फाइलमधून उचलण्याचा नाही. पोकळी वाढवून ऊर्जा बदलते का, ते प्रत्येक पदार्थासाठी पाहावे लागते. प्लेन वेव्ह पद्धतीत इलेक्ट्रॉन पेटीभर पसरलेल्या लाटांनी मांडतात, म्हणून रिकाम्या जागेचाही गणनेला खर्च पडतो. सिएस्टासारख्या अणुकेंद्री (अणूंभोवतीच मर्यादित) फलनांच्या पद्धतीत तो फारच कमी असतो. पायथन संगणकभाषेतील एएसई या अणुरचना मांडण्याच्या साधनाने स्लॅब रचताना दिलेली पोकळी दोन्ही बाजूंना लागते, म्हणजे १० लिहिले की एकूण २० होते. पोकळीच्या दिशेला के-बिंदू (इलेक्ट्रॉन तरंगांचे नमुने घेण्याचे बिंदू) एकच पुरतो, उदाहरणार्थ १२×१२×१.

हुपरीच्या पैंजणांतली चांदी घेऊ. तिच्या (१११) पृष्ठभागाला (कंसातले अंक स्फटिक कोणत्या प्रतलावर कापला ते सांगतात) समांतर थरांतील अंतर सुमारे २.३६ अँगस्ट्रॉम असते, म्हणजे नऊ थरांचा स्लॅब जेमतेम १.९ नॅनोमीटर जाड. तो रचताना प्रयोगात मोजलेला जालक स्थिरांक, म्हणजे स्फटिकात गिरवल्या जाणाऱ्या घनाची बाजू (सुमारे ४.०९ अँगस्ट्रॉम), न घेता गणनेत वापरलेल्या ऊर्जा-फलनानेच (इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेचे अंदाजी सूत्र) काढलेला घ्यावा. पीबीई हे असे एक फलन ४.१५ च्या आसपास देते. मोजलेला वापरला तर स्लॅब सुरुवातीपासूनच दाबलेला राहतो. पृष्ठऊर्जेसाठी (एकक क्षेत्रफळाचा पृष्ठभाग तयार करायला लागणारी ऊर्जा) स्लॅबच्या ऊर्जेतून तेवढ्याच अणूंची गाभ्यातील ऊर्जा वजा करून दुप्पट क्षेत्रफळाने भागतात. दुप्पट, कारण स्लॅबला दोन तोंडे असतात. ती सारखी नसतील तर हा भागाकार सरासरीच देतो. गाभ्याची ऊर्जा के-बिंदूंच्या वेगळ्या जाळीवरून घेतली, तर थर वाढवत नेल्यावर उत्तर स्थिरावण्याऐवजी भरकटत जाते. फिओरेंतिनी आणि मेथफेसेल यांनी १९९६ मध्ये सुचवलेला उपाय सोपा आहे: थरसंख्येविरुद्ध स्लॅबची ऊर्जा मांडावी आणि त्या रेषेचा चढ हीच गाभ्याची ऊर्जा मानावी.

झिंक ऑक्साइडचा (०००१) पृष्ठभाग मात्र सरळ वागत नाही. त्याच्या एका तोंडाला झिंक, दुसऱ्याला ऑक्सिजन. प्रत्येक वाढीव थर द्विध्रुव, म्हणजे दोन तोंडांमधली धन-ऋण भारांची फारकत, वाढवतो. टास्कर यांनी १९७९ मध्ये आयनिक पृष्ठभागांचे तीन प्रकार पाडले, त्यांतला हा तिसरा. येथे पोकळीत द्विध्रुव सुधारणा (द्विध्रुवाचा खोटा परिणाम खोडणारी विद्युत विभवाची उडी) लावतात आणि नको असलेल्या तोंडाचे सुटे बंध आभासी हायड्रोजनने (अपूर्णांकी भाराचा कृत्रिम अणू) बंद करतात: झिंकच्या बाजूला १.५ भाराचा, ऑक्सिजनच्या बाजूला ०.५ भाराचा. सुधारणेची उडी पोकळीतच पडायला हवी, अणूंवर पडली तर सगळे गणित वाया.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) भौतिकशास्त्र अधिविभागात थिन फिल्मवरचे संशोधन अनेक दशके चालू आहे: काच रासायनिक द्रावणात बुडवून किंवा तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारून. अशा फिल्मच्या शेजारी संगणकातला स्लॅब ठेवला की दोन्हींना एकच वस्तू समजण्याची चूक सहज होते. ५०० नॅनोमीटर जाडीच्या चांदीच्या फिल्ममध्ये दोन हजारांहून अधिक अणुथर असतात; नऊ थरांचा स्लॅब त्या फिल्मची प्रतिकृती नाही, तो फक्त तिचा वरचा पापुद्रा आहे. म्हणूनच अर्धवाहकाच्या स्लॅबची बँडगॅप (इलेक्ट्रॉनांना निषिद्ध असलेला ऊर्जेचा पट्टा) फिल्मच्या बँडगॅपशी ताडून पाहणे चूक. ताडायचे ते कार्यफल (पृष्ठातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा), अधिशोषण ऊर्जा (पृष्ठावर रेणू चिकटण्याची ऊर्जा) असे पृष्ठाचे गुण.

स्लॅब कोणत्या प्रतलावर कापायचा हे त्या फिल्मच्या एक्स-रे विवर्तनाच्या आलेखाला विचारावे. कोणत्या दिशेचे स्फटिककण जास्त आहेत ते तेथे दिसते. पण पृष्ठभाग कोणत्या अणूवर संपतो हे तो आलेख सांगत नाही. अल्कधर्मी द्रावणात वाढलेल्या ऑक्साइडवर हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट चिकटलेले असतात, आणि ते स्लॅबवर न बसवता काढलेली अधिशोषण ऊर्जा त्या काचेवरच्या फिल्मची नसते.