सही झाली, पण तह झाला का?

भारत-ब्रिटन व्यापार कराराची बोलणी संपल्याची घोषणा ६ मे २०२५ ला झाली. सह्या पडल्या २४ जुलैला. मधल्या काळात मसुद्याची कायदेशीर झाडाझडती चालते: व्याख्या, परिशिष्टं, दरांचे तक्ते, कलमांचे परस्पर संदर्भ. सह्यांनंतरही करार त्या दिवसापासून लागू होत नाही. ब्रिटनमध्ये तो संसदेपुढे ठेवावा लागतो, मग दोन्ही बाजू एकमेकींना ‘आमच्याकडची प्रक्रिया पूर्ण’ असं लेखी कळवतात. ‘सही झाली ना, मग सवलत कुठाय?’ असं चाकणच्या एखाद्या कारखानदाराने विचारलं, तर त्याचं चुकत नाही.

सही करणाऱ्याला ‘हो’ म्हणायचा अधिकार होता का, यावरून पुणे दरबार अडीचशे वर्षांपूर्वी चांगलाच पोळला होता.

पुरंदरचा १६६५ चा तह सगळ्यांना पाठ आहे, तो सोडू. मार्च १७७५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलने तो झिडकारला आणि आपला वकील पाठवून १ मार्च १७७६ ला पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरला वेगळा तह केला. मुंबईकर तो पाळेनात, आणि लंडनच्या संचालकांचा कौल पडला सुरतेच्या बाजूने. समोर कंपनी एकच, तोंडं तीन.

मग जानेवारी १७७९. दादांना गादीवर बसवायला निघालेली मुंबईची फौज वडगाव मावळला कोंडली गेली. लोणावळा लोकलने जाणाऱ्यांना तिथलं स्टेशन ठाऊक असतं, तहाची कलमं सहसा नसतात. १७७३ पासून बळकावलेला साष्टीसह सारा मुलूख परत करायचा, बंगालकडून येणारी फौज माघारी पाठवायची, दादांना हवाली करायचं, अशी ती कलमं. शिवाय शिंद्यांना भडोच. फौज सुखरूप परतली आणि मुंबईने तह नाकारला: सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता म्हणे.

इथे इतिहासकारांत जुंपते. इंग्रजांचा पहिला वकील छावणीत आला, तेव्हा वरिष्ठ सरकारच्या संमतीवाचून तह करायचा आम्हाला अधिकार नाही, असं त्याने सांगितलं होतं. म्हणजे पुणेकर अंधारात नव्हते. पण नंतर शिंद्यांकडे दुसरा माणूस गेला तो पूर्ण मुखत्यारी घेऊन, आणि ती देणाऱ्यानेच पुढे सांगितलं की ती आपल्याला बांधील धरायची नव्हतीच. माझ्या मते ही सरळ दगलबाजी. पुण्याच्या मुत्सद्द्यांनाही वास आला असावा, एरवी दोन ओलीस मागून घेतले नसते. गंमत म्हणजे नाकारलेल्या तहातलं भडोच शिंद्यांना पुढे मिळालंच, वडगावच्या सौजन्याबद्दल म्हणून!

पुढच्या खेपेला पुणे सावध होतं. हे इंग्रज-मराठा युद्ध संपवणारा सालबाईचा तह १७ मे १७८२ ला झाला. कलकत्त्याने महिन्याभरात मान्यता दिली, पुण्याने मात्र फेब्रुवारी १७८३ पर्यंत शिक्कामोर्तब लांबवलं. हैदरअली इंग्रजांशी लढत असताना घाई कशाला? डिसेंबरात तो वारला आणि थांबण्यातला फायदा संपला.

आजची चौकट १९६९ च्या व्हिएन्ना कराराची, म्हणजे देशादेशांतले करार कसे करायचे हे सांगणाऱ्या कराराची. राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री यांना मुखत्यारपत्र लागत नाही, इतरांना सहसा लागतं. प्रतिनिधीच्या अधिकारावर मर्यादा होती ही सबब ४७ व्या कलमानुसार तेव्हाच चालते, जेव्हा ती मर्यादा समोरच्याला आधी कळवलेली असते. वडगावचा खटला या कलमाखाली चालवला तर दोन्ही वकिलांना भरपूर काम मिळेल. भारत या कराराचा सदस्य नाही, तरी त्यातली बरीच तत्त्वं रूढ कायदा म्हणून आपली न्यायालयं मानतात.

बहुपक्षीय बोलण्यांत वादाचे शब्द चौकटी कंसात ठेवतात, आणि रात्री-अपरात्री एकेक कंस सुटत जातो. २०२१ ला ग्लासगोत कोळशाचा वापर ‘बंद’ करण्याऐवजी ‘कमी’ करण्याचा शब्द अगदी शेवटच्या घटकेला बसला, तोही भारताच्या आग्रहाने.

आपल्याकडे खरी मेख सहीनंतर असते. करार करणं केंद्र सरकारच्या अखत्यारीत, त्याला संसदेचं मतदान लागत नाही. अंमलासाठी कायदा हवा असेल तर संसदेला तो करू देणारं घटनेचं २५३ वं कलम. मात्र भूभाग द्यायचा तर घटनादुरुस्तीच लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये बेरुबाडी प्रकरणात सांगितलं. बांगलादेशाशी सीमाकरार १६ मे १९७४ ला झाला. त्यांनी त्याच वर्षी मान्यता दिली. आपली शंभरावी घटनादुरुस्ती आली २०१५ मध्ये, आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री एकमेकांच्या हद्दीत वेढलेल्या १६२ वस्त्यांची अदलाबदल झाली. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर आपण १९९७ मध्ये सही केली. त्यासाठीचं विधेयक २०१० ला लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत प्रवर समितीकडे गेलं. अंतिम मान्यता अजून दिलेली नाही.