‘किती इंची?’ : झाड कापायचं मशीन सीमाभागात पोचलं त्याची गोष्ट

बेळगावात मशिनरीच्या दुकानात झाड कापायचं मशीन घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती इंची आहे ओ?’ मग तो खानापूरचा असो, निपाणीकडचा असो नाहीतर चंदगडातून उतरलेला. दुकानदारही 22 इंची पट्टीचं, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीचं, मशीन पुढं सरकवतो. वजन किती, ब्रेक आहे का, चेन कुठली, हे विचारणारा विरळा. हा इंचाचा प्रश्न मशीनचा नाहीच मुळी. तो करवतीचा आहे.

खानापूरच्या रानात साग, ऐन, किंजळ, नाणा ही इमारती झाडं. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा, 1847 मध्ये, इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून डॉ. अलेक्झांडर गिब्सन नेमले गेले. सरकारला तेव्हा जहाजांसाठी लागणाऱ्या सागाची काळजी होती. पुढं 1880च्या दशकात लोंढ्यावरून रेल्वे आली आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठी लाकडाची मागणी वाढली. ही सगळी तोड कुऱ्हाडीनं आणि दोघांनी ओढायच्या करवतीनं झाली. ओंडका चिरायचा तर तो घोडीवर चढवायचा, एक करवत्या वर, दुसरा खाली. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. या करवतीला बुंध्यापेक्षा हातभर जास्त लांबी लागायचीच, नाहीतर ओढायला जागा उरत नाही. त्यामुळं झाडाचा घेर पाहून करवत निवडायची, आणि इंच हाच सगळा हिशेब.

साखळीच्या करवतीला हा नियम लागू नाही. ती मागंपुढं होत नाही, पट्टीभोवती फिरते. 16 इंची पट्टीनं दोन्ही बाजूंनी कापत गेलं तर पट्टीपेक्षा बराच जाड बुंधाही उतरतो. पण सवय जुनी.

साखळीला दात लावण्याची कल्पना 18व्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या दोन डॉक्टरांनी वापरली, तीही अडलेल्या बाळंतपणात हाड कापायला. ही हकीकत हौसेनं सांगितली जाते, पण आपल्या मशीनची आजी ती नव्हे. लाकडाचं मशीन जर्मनीतलं. आंद्रेआस श्टील यानं 1926 मध्ये विजेवर चालणारी करवत केली, वजन 64 किलो. 1929 मध्ये पेट्रोलवरची आली, ती 46 किलोंची. एमिल लेर्प यानं 1927 मध्ये थुरिंगियातल्या डोल्मार डोंगरावर आपली पेट्रोल करवत चालवून दाखवली आणि कंपनीला डोंगराचंच नाव दिलं. ही सगळी मशीनं दोघांनी धरायची, म्हणजे वरचा-खालचा करवत्या सुटला नव्हताच. एका माणसाला पेलणारं श्टीलचं मशीन 1950 मध्ये आलं, तेही 16 किलोंचं. 1959 चं ‘कॉन्ट्रा’ 12 किलोंवर उतरलं, कारण मधले गिअरच काढून टाकले होते.

माझ्या मते वजनापेक्षा मोठी उडी दातांची. सुरुवातीच्या साखळीचे दात हातकरवतीसारखे, लाकूड खरवडणारे. त्यांना धार लावायला कसबी माणूस लागायचा. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. लाकूड पोखरणारी एक अळी त्यानं निरखली. ती सरळ न कुरतडता डावीकडं-उजवीकडं चावत पुढं सरकत होती. तिच्या जबड्याचा आकार धरून त्यानं 1947 मध्ये नवी चेन विकायला काढली: एक दात डावा, एक उजवा, आणि प्रत्येक दातापुढं तो किती खोल शिरेल हे ठरवणारा छोटा उंचवटा. आज बेळगावात विकली जाणारी प्रत्येक चेन तिचीच वंशज आहे.

म्हणून या दाताला गोल कानस लागते, चेनच्या मापाप्रमाणं 4 ते 5.5 मिलिमीटरची, आणि बहुतेक चेनना 30 अंशांचा कोन. धार लागली की कापलेलं लाकूड पोह्यांसारखं पडतं. पिठासारखा भुसा पडू लागला की चेन बोथट झाली. आपल्याकडं तेव्हा ती वेल्डिंगच्या दुकानात जाते, ग्राइंडरवर दात निळे पडेपर्यंत घासली जातात, पोलादाचं पाणी उतरतं, आणि आठवड्याभरात चेन भंगारात. दातापुढचा उंचवटा तर कोणी घासतच नाही. मग मशीन ओढत नाही म्हणून मोठं मशीन आणायचं.

1960च्या दशकात युरोपात या मशीनवर काम करणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरी पडून बधिर होऊ लागली. थरथर हे त्याचं कारण. म्हणून दशकाच्या मध्यापासून मुठी रबरावर बसवल्या गेल्या. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून थेट तोंडाकडं येतं. त्यासाठी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चेन ब्रेक आला. मागून आत धागे भरलेली पँट आली, त्या धाग्यांत अडकून चेन थांबते.

आमच्या भागात मशीन सर्रास दिसू लागलं ते पुणे-बेंगळूर रस्त्याच्या चौपदरीकरणाच्या आसपास, असं मला आठवतं. रस्त्याकडंचे वड आडवे होत होते आणि कुऱ्हाडीला तेवढी सवड नव्हती. ब्रेक मशीनसोबत आला, पँट आली नाही. कुऱ्हाडवाला झाड पडायच्या बाजूला मोठी खाच घ्यायचा आणि मागून तोडताना मधे लाकडाची बिजागरी आपोआप राहायची, कारण हात थकायचा. मशीनचा हात थकत नाही. बिजागरीसकट आरपार कापलं की झाड कुठं जाईल ते झाडच ठरवतं.

फांद्या छाटायला झाडावर चढणाऱ्यांसाठी वर मूठ असलेलं छोटं मशीन वेगळं मिळतं. ते एका हातात मावतं म्हणून एका हातानंच चालवलं जातं, आणि दुसऱ्या हातात फांदी! कमरेला सोल, म्हणजे दोर, बांधली असेल तर तीही चेनच्या टप्प्यात. खाली मात्र रोजच्या कामाला, सुरू-निलगिरी आणि जळण धरून, 50 सीसीच्या आसपासचं मशीन आणि 16 ते 18 इंची पट्टी पुरते. जुन्या ऐनाला 70 सीसी लागतं. स्वस्तातल्या 58 सीसी, 22 इंची मशीनला ऐनात घातलं की ते रडतं.

तोडीचे कागद सीमेच्या अलीकडं वेगळे, पलीकडं वेगळे. 1956 मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यामुळं इथं 1976 चा कर्नाटकचा वृक्षसंरक्षण कायदा. चंदगडात महाराष्ट्राचा 1964 चा. मशीन एकच, अर्ज दोन, त्यातला एक कन्नडमध्ये.

आणि आता पेट्रोल. टू-स्ट्रोकला लिटरमागं 20 मिली चांगलं ऑइल, किंवा पुस्तिकेत असेल तर 40. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतूनही जातं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात चार महिने टाकी भरून ठेवलेलं मशीन दसऱ्याला दोरी ओढून ओढून सुरू होत नाही, ते त्यामुळं. मिरगाआधी टाकी रिकामी करायची, आणि उरलेलं पेट्रोल जळेपर्यंत मशीन चालू ठेवायचं.